टेबलावरचे एग्मोर

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेत झालेल्या भाषणाची संहिता)



चेन्नईच्या एग्मोर स्थानकाची प्रतिकृती टेबलावर उभी करायची असे एखाद्या रेल्वेवेड्याने मनात आणले, तर त्याच्यापुढे पहिली अडचण कोणती उभी राहील? इमारतीची नव्हे. ती इमारत देखणी आहे, घुमटांची आणि कमानींची आहे, पण अखेर ती जागच्या जागी उभी आहे. हेन्री अर्विन या वास्तुविशारदाने ती रेखाटली, सामिनाड पिल्ले या कंत्राटदाराने ती बांधली आणि ११ जून १९०८ रोजी ती प्रवाशांना खुली झाली. तिची लांबी सुमारे ३०० फूट. छंदिष्टांच्या जगात सर्वाधिक रूढ असलेल्या मापात, म्हणजे मुळाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात, ती साधारण एक मीटर पाच सेंटिमीटर भरते. पुठ्ठा, पातळ लाकूड, रंग आणि चिकाटी एवढ्यावर हे काम होण्याजोगे आहे.

अडचण येते ती सालाची. कोणत्या सालचे एग्मोर?

हा प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटेल. स्थानक एकच, इमारत तीच. मग सालाने काय बिघडते? पण फलाटावरच्या पाटीपासूनच घोळ सुरू होतो. १९९६ पूर्वीच्या पाटीवर मद्रास लिहावे लागेल, नंतरच्या पाटीवर चेन्नई. त्याहून मोठा घोळ रुळांचा आहे. आजच्या एग्मोरमध्ये दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते. पन्नास वर्षांपूर्वी ते १००० मिलिमीटर होते. ज्या माणसाने लहानपणी एग्मोरला मीटरगेजची गाडी पकडली आहे, त्याच्या लेखी आजचे एग्मोर हे त्याच कपड्यांतले दुसरेच माणूस आहे.

मीटरगेजची कथा थोडी सांगायला हवी, कारण तिच्यावाचून एग्मोर समजत नाही. हिंदुस्थानात आगगाडी आली ती रुंद मापाची. मुंबई-ठाण्याचा मार्ग रुंद, मद्रासहून निघालेला पहिला मार्गही रुंद. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयो यांच्या सरकारने खर्चाचा विचार केला आणि पुढील बरेच मार्ग अरुंद मापाचे करावेत असे ठरवले. त्या वेळी देशात मेट्रिक मापे आणण्याचा विचार चालू होता, म्हणून तीन फूट तीन इंच आणि वर थोडे, असे अडनिडे दिसणारे हे अंतर नेमके एक मीटर ठरवले गेले. गंमत अशी, की मापांचा तो बेत मागे पडला आणि देशाने मीटर-किलोग्रॅम खऱ्या अर्थाने स्वीकारले ते १९५६ च्या कायद्यानंतर. किराणा दुकानात शेर आणि कापडाच्या दुकानात वार चालू असताना रूळ मात्र ऐंशीहून अधिक वर्षे मीटरने धावत होते.

तंजावरचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. भोसल्यांचे ते संस्थान १८५५ मध्ये खालसा झाले आणि १८६१-६२ मध्ये नागपट्टणमहून तंजावर, तिरुचिरापल्लीकडे रेल्वे आली. ती रुंद मापाची होती. पुढच्याच दशकात, साउथ इंडियन रेल्वेच्या काळात, तेच रूळ उचकटून मीटरचे करण्यात आले. नंतर सव्वाशे वर्षांनी मीटरचे उचकटून पुन्हा रुंद. एकाच वाटेने दोनदा कूस बदलली. तंजावरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबांना मद्रास गाठायचे म्हणजे त्या मधल्या सव्वाशे वर्षांत मीटरगेजनेच गाठायचे होते, आणि १९०८ नंतर त्या वाटेचा दरवाजा म्हणजे एग्मोर.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनाही एग्मोर चुकत नसे. मुंबईहून पुणे, सोलापूर, रायचूर अशी मद्रासची वाट १८७१ मध्ये सलग झाली. ती रुंद मापाची, म्हणून तिचा शेवट मद्रास सेंट्रलला होई. रामेश्वरची गाडी मात्र एग्मोरहून सुटणार. दोन स्थानकांमधले अंतर दीड-दोन किलोमीटर. काशीची गंगा गडूत भरून रामेश्वरला निघालेला यात्रेकरू सेंट्रलला उतरे, वळकट्या आणि ट्रंका उतरवून घेई, भाषा न कळणाऱ्या जटकेवाल्याशी बोटांच्या खुणांनी भाडे ठरवी आणि घोडागाडीत बसून एग्मोर गाठी. दोन मापांच्या भांडणामुळे प्रत्येक पोटली एकदा जास्त उचलावी लागे. महाराष्ट्रातही हा अनुभव कुणाला नवा नव्हता. पुणे-मिरज मार्ग १९७० च्या आसपासपर्यंत मीटरगेज होता, मनमाडहून मराठवाड्यात जाणाराही मीटरगेजच. गाडी बदलणे म्हणजे केवळ फलाट बदलणे नव्हे, तर माप बदलणे, हे त्या पिढीला अंगवळणी पडले होते. पुढे दादरहून थेट एग्मोरला गाडी जाऊ लागली, ती एग्मोरचे रूळ रुंद झाल्यामुळेच.

आता रेल्वेवेड्याकडे वळू या. हा शब्द मराठीत थोड्या चेष्टेने वापरतात. रुळाच्या कडेला उभा राहून इंजिनाचा क्रमांक टिपणारा, वेळापत्रक कादंबरीसारखे वाचणारा प्रौढ माणूस पाहिला की घरचे लोक हसतात. पण असल्या वेडातून काय उभे राहू शकते, ते पाहायचे तर पुण्याच्या कोथरूडमध्ये जावे. तेथे बी. एस. जोशी, म्हणजे भाऊ जोशी, यांनी छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभारले आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. जर्मनीतील हॅम्बुर्गचे जगप्रसिद्ध लघुरेल्वेदालन २००१ चे आहे. म्हणजे कोथरूड त्याच्याही आधीचे. आकारात दोहोंची तुलना होत नाही आणि करूही नये. एका बाजूला मोठी व्यावसायिक यंत्रणा, तर दुसऱ्या बाजूला एका कुटुंबाने जतन केलेला छंद.

कोथरूडच्या त्या दालनात प्रथमच गेलेला रेल्वेप्रेमी काय पाहतो? समोर एक आखीव शहर पसरलेले असते. निवेदन सुरू होते आणि एकामागून एक गाड्या निघतात. वाफेचे इंजिन, अतिवेगवान गाडी, रुळाला खालून लटकत जाणारी मोनोरेल, डोंगरावर दोराने चढणारा डबा. सिग्नल तांबडे-हिरवे होतात. सर्कशीचा तंबू असतो, पूल असतात. मग दालनातील दिवे मंद होतात, त्या शहरात रात्र पडते आणि रस्त्यावरचे चिमुकले दिवे लागतात. लहान मुले या क्षणी ओरडतात. मुरलेला रेल्वेवेडा मात्र गप्प राहून दुसरेच काही पाहत असतो: सांधे कधी बदलले, एक गाडी आल्यावर दुसरीला वाट कशी मिळाली, सिग्नल आधी पडला की गाडी आधी हलली. त्याला गाडीपेक्षा गाड्यांमधील समजूत पाहायची असते.

अशा रुळांवरील गणित विद्यार्थ्यांनी एकदा करून पाहावे, फार मौजेचे आहे. सत्त्याऐंशीव्या मापात साडेपाच फुटी माणूस दोन सेंटिमीटरलाही थोडा कमी भरतो. ताशी ८७ किलोमीटरची गाडी टेबलावर सेकंदाला सुमारे २८ सेंटिमीटर धावली म्हणजे ती खऱ्या वेगाने धावली. बहुतेक खेळगाड्या याच्या कितीतरी पट वेगाने पळतात आणि जाणकाराच्या कपाळाला आठी पडते. चोवीस डब्यांची खरी गाडी अर्धा किलोमीटरहून लांब असते. तिची प्रतिकृती सहा मीटरच्या पुढे जाईल. म्हणून टेबलावर पाच-सहा डबेच चोवीसांचे प्रतिनिधी होतात. वळणांचे हाल तर विचारू नयेत. रुंदमापी मार्गावरचे तीव्र वळण म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे. त्याचे रूपांतर केले तर दोन मीटर त्रिज्या हवी. घरगुती संचांतील वळणे अर्ध्या मीटरच्याही आत असतात. मद्रास बीच ते तांबरम हा सुमारे २९ किलोमीटरचा उपनगरी मार्ग प्रामाणिकपणे मांडायचा, तर ३३० मीटरहून लांब टेबल लागेल. तेव्हा प्रतिकृती करणारा दर पावलाला काहीतरी गाळत असतो. काय गाळावे आणि काय कोणत्याही परिस्थितीत गाळू नये, हे ओळखण्यातच त्याची खरी परीक्षा असते.

कोथरूडच्या गाड्यांचे आणि गावाचे वळण बरेचसे युरोपी आहे. यात दोष काढण्यासारखे काही नाही. या छंदाची सामग्री तयार होते ती मुख्यतः युरोप-अमेरिकेत, आणि ती तिकडच्या १४३५ मिलिमीटर मापाच्या रेल्वेला धरून. १४३५ चा सत्त्याऐंशीवा हिस्सा साडेसोळा मिलिमीटर. बाजारात मिळणारे रूळ तेवढेच. आपल्या रुंद मापाचा हिस्सा सव्वाएकोणीस येतो, आणि त्या मापाचे तयार रूळ सहज मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय इंजिनाची प्रतिकृती करणारे बहुतेक छंदिष्ट वरचा सांगाडा भारतीय आणि खालचे रूळ परके अशी तडजोड करतात. पावणेतीन मिलिमीटरचा फरक. पण समोरून पाहिले की इंजिन पाय जवळ घेऊन उभे असल्यासारखे दिसते.

प्रतिकृती कशासाठी, या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमध्ये मिळते. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये तेथे आला. ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडील खोऱ्यातील जुनी शाकारलेली घरे डोळ्यांदेखत बदलत आहेत, हे त्याने पाहिले. ती थांबवणे त्याच्या हातात नव्हते. त्याने ती मोजायला घेतली. घर मोजायचे, टिपायचे आणि एका फुटाला चार मिलिमीटर या मापाने पुन्हा बांधायचे. १९५४ मध्ये त्यातून पेंडन संग्रहालय उभे राहिले. तेथे दोन महायुद्धांमधल्या काळातील खेडी आहेत आणि त्यांच्यामधून त्या काळातील गाड्या धावतात. मूळ वस्तू पाडली गेल्यावर मोजमाप घेता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्याने वेळेवर ओळखली होती.

एग्मोरच्या बाबतीत हेच लागू पडते. कुणी म्हणेल, चेन्नईत रेल्वेचे संग्रहालय आहे की! आहे. पेरांबूरच्या प्रसिद्ध डबे कारखान्याच्या परिसरात २००२ पासून ते चालू आहे. कारखाना १९५५ चा. संग्रहालयात जुनी इंजिने आहेत, डबे आहेत, इंग्लंडच्या फाउलर कंपनीचे १८९५ सालचे वाफेवर चालणारे नांगरणीचे यंत्रही आहे. रेल्वेप्रेमी तेथे गेला की तासन्‌ तास रमतो. लोखंडावर हात ठेवता येतो, हे सुख मोठे आहे. पण ती इंजिने उभी आहेत. त्यांच्या आगपेटीत आग नाही, आणि ज्या स्थानकाला ती माहीत होती त्याच्याशी त्यांचे नाते तुटले आहे. उभ्या इंजिनाकडे पाहून त्याचे वजन कळते, धाटणी कळते. ते सकाळी शेडमधून निघून फलाटाला कसे लागे, डबे जोडताना कोण कुठे उभा राही, गाडी निघण्यापूर्वी शेवटची खूण कोण देई, हे त्यावरून कळत नाही. ती माहिती लोखंडात राहत नाही. ती माणसांच्या सवयींत होती, आणि ती माणसे निवृत्त होऊन गावोगाव पांगली.

जुने इंजिन पुन्हा चालते करता येते, हेही खरे. पेरांबूरच्याच इंजिन कारखान्याने १८५५ मध्ये बनलेले ईस्ट इंडियन रेल्वेचे एकवीस क्रमांकाचे इंजिन २०१० मध्ये पुन्हा चालते केले. ते जवळजवळ शतकभर जमालपूर आणि हावडा येथे नुसते मांडून ठेवलेले होते. प्रसिद्ध ‘फेअरी क्वीन’चे ते भावंड. पुढे त्याच्या फेऱ्या एग्मोर ते कोडंबाक्कम अशाही झाल्या आणि पाहायला गर्दी लोटली. त्या गर्दीत किती जणांच्या ध्यानात आले असेल, ठाऊक नाही. परंतु ते इंजिन रुंद मापाचे आहे. ज्या काळात वाफेची इंजिने एग्मोरला रोज येत-जात होती, त्या काळात त्याला एग्मोरला पाऊल टाकता आले नसते. सोहळा म्हणून तो आनंदाचा होता. एग्मोरची आठवण म्हणून मात्र तो चुकीच्या मापाचा होता.

म्हणून टेबलाकडे परत येणे भाग आहे. साल ठरवायचे तर १९६३ ठरवावे. त्याला कारण आहे. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि एग्मोरहून धनुष्कोडीपर्यंत थेट गाडी जाऊ लागली. तिला लोक बोट मेल म्हणत, कारण धनुष्कोडीच्या धक्क्यावर तिच्या प्रवाशांसाठी बोट उभी असे. ती तलैमन्नारला नेई आणि तेथून पुन्हा आगगाडीने कोलंबो. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने धनुष्कोडी पुसून टाकले. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी शंभरावर माणसांसह समुद्राने गिळली. पूलही मोडला, तो ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत दुरुस्त झाला, पण धनुष्कोडीची गाडी कायमची संपली. १९६३ च्या टेबलावर बोट मेल धनुष्कोडीची पाटी लावून उभी राहू शकते. १९६५ च्या टेबलावर नाही.

साल ठरले की बाकीचे प्रश्न रांगेने येतात. उपनगरी गाड्या १९३१ पासून विजेवर चालत होत्या. देशातला तो पहिला विद्युत मीटरगेज मार्ग. १९६३ मध्ये तारांतून अद्याप जुनाच १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वाहत होता, तेव्हा खांब आणि तारा त्या पद्धतीच्या हव्यात. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वाफेची इंजिने. मग इंजिनात पाणी भरण्याचा सोंडेसारखा नळ फलाटाच्या कोणत्या टोकाला होता? एग्मोरची एक खासियत म्हणजे मोटारी थेट फलाटापर्यंत येत. तेव्हा टेबलावर फलाटाला लागून दोन इंचांहून लहान फियाट आणि अँबॅसडर उभ्या कराव्या लागतील. डबे कोणत्या रंगाचे? तिसरा वर्ग अजून होता, तर त्याच्या बाकांची मांडणी कशी? स्टेशनवरील घड्याळात किती वाजले आहेत? ही शेवटची बाब क्षुल्लक वाटेल. पण घड्याळातील वेळेवर ठरते की त्या क्षणी कोणती गाडी फलाटावर असावी. वेळापत्रक हाताशी घेतल्याखेरीज घड्याळाचे काटे रंगवता येत नाहीत.

इतिहासकार सहसा हे प्रश्न विचारत नाहीत. त्याला उतारूंची संख्या हवी असते, खर्च हवा असतो, धोरण हवे असते. पाण्याच्या नळाची जागा विचारणारा एकटा प्रतिकृतीकार. ‘त्या बाजूला काहीतरी असावे’ एवढ्यावर त्याचे भागत नाही. तेथे एक वस्तू चिकटवावीच लागते, किंवा जागा मोकळी सोडावी लागते. आणि या प्रश्नांना उत्तर देणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. ज्याने १९६३ मध्ये विसाव्या वर्षी सांधेवाला म्हणून नोकरी धरली, त्याचे आजचे वय विद्यार्थ्यांनी मनातल्या मनात मोजावे. स्थानकाची तर पुन्हा कूस बदलते आहे: उपनगरी मीटरगेज २००४ मध्ये बंद झाली, आणि एग्मोरच्या पुनर्विकासाची कोनशिला २६ मे २०२२ रोजी बसली. जुनी इमारत राहील. तिच्या भोवतालचे बरेच काही राहणार नाही.

सामग्रीची गोष्ट सांगून थांबायचे आहे. मीटरगेजचा सत्त्याऐंशीवा हिस्सा साडेअकरा मिलिमीटर होतो आणि बाजारात बारा मिलिमीटरचे रूळ मिळतात. इथे रुंद मापासारखी मोठी तडजोड नाही. अर्धा मिलिमीटर कुणाच्या डोळ्यांना खुपत नाही. हे रूळ मिळतात याचे कारण स्वित्झर्लंडच्या डोंगरांतील मोठी रेल्वे एक मीटर मापाचीच आहे आणि तिच्या प्रतिकृतींना गिऱ्हाईक आहे. म्हणजे एग्मोरचे रूळ आल्प्ससाठी बनलेल्या खोक्यातून काढावे लागतील. गाड्या मात्र हातानेच कराव्या लागतील. मेलगाड्या ओढणाऱ्या ‘वायपी’ जातीच्या इंजिनाचे मोठे चाक १३७२ मिलिमीटर व्यासाचे असे. टेबलावर ते पावणेसोळा मिलिमीटरचे होते, एका बाजूला तीन याप्रमाणे सहा. चाकांना जोडणारा दांडा काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक पितळी पट्टीचा कापावा लागतो. तो एका चाकावर केसभर जरी चुकला, तर इंजिन दर फेऱ्याला लंगडते, आणि मग सहाही चाके काढून पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागतात.